जबल अलीतली सिक्स-जी

मंडळी, जबल अली म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे तीन गोष्टी येतात. मुंबईहून कंटेनरने आलेलं सामान सोडवण्यासाठी घातलेले हेलपाटे, अबू धाबीला जाताना उजव्या हाताला दिसणारी धुराडी, आणि २०२२ च्या दसऱ्याला सगळ्यांसाठी खुलं झालेलं देऊळ. जबल म्हणजे अरबीत डोंगर. पण सह्याद्री पाहिलेल्या माणसाने तिथे डोंगर शोधायला जाऊ नये, निराशा होईल. १९७९ साली इथलं बंदर सुरू झालं, त्याच वर्षी अॅल्युमिनियमचा कारखाना सुरू झाला, १९८५ साली फ्री झोन आला, आणि बघता बघता वाळूवर लोखंडाचं एक गाव उभं राहिलं.

ह्या गावात लोखंडाला लोखंड जोडण्याचं काम चालतं. समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मचे सांगाडे, वायूच्या दाबाखाली राहणारी मोठमोठी भांडी, पाइपांचे स्पूल, खारं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पांचे भाग. जोडणारे हात पुष्कळदा आपल्याच बाजूचे असतात. कोणी चिपळूणचा, कोणी रोह्याचा, कोणी पार तिकडे केरळ-बिहारचा. ह्या हातांना इथे कामाला लागण्याआधी जी परीक्षा द्यावी लागते तिची हकीकत सांगावी म्हणून हा लेख. मंडळाच्या कार्यक्रमात आम्ही 'वेल्डिंगचे इंजिनिअर' असं सांगितलं की समोरचा क्षणभर गप्प होतो आणि मग "म्हणजे ग्रिलबिल का?" असं विचारतो, हेही एक कारण आहेच!

लहानपणी गल्लीच्या कोपऱ्यावर ग्रिलवाल्याचं दुकान असायचं आणि "तिकडे बघू नकोस, डोळे जातील" असं आई ओरडायची. वेल्डिंगशी आपली ओळख तेवढीच. तिथला जोड सुटला तर फार तर फाटक लोंबकळेल. इथे शंभर-शंभर किलोच्या दाबाखालचा वायू जाणाऱ्या पाइपचा जोड सुटला तर आसपास कोणी उरणार नाही. आणि गंमत अशी (गंमत कसली, पंचाईतच) की वेल्डिंगचा जोड नुसता बघून चांगला की वाईट हे सांगता येत नाही. वरून नऊवारीच्या काठासारखा सुबक दिसेल आणि आत मुळाशी दोन तुकडे एकमेकांना चिकटलेलेच नसतील. एक्स-रे काढला तर आतली भोकं दिसतील, पण जोडाचा धातू चिवट आहे की काचेसारखा ठिसूळ झालाय हे एक्स-रेही सांगत नाही. ते कळायचं असेल तर जोड तोडूनच बघावा लागतो, आणि तोडला की तो कामाला कसा येणार? म्हणून जगभरच्या इंजिनिअरांनी एक साधा तोडगा काढला: कामाआधी अगदी तसाच एक नमुन्याचा जोड करायचा, तो ओढून, वाकवून, तोडून पाहायचा, आणि तो टिकला तर पुढचं सगळं काम बरहुकूम तस्संच करायचं.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉकटन गावी २० मार्च १९०५ रोजी एका बुटांच्या कारखान्याचा बॉयलर फुटला आणि ५८ माणसं गेली. तो बॉयलर रिव्हेट मारलेला होता, वेल्डिंगचा नव्हता. पण त्या धक्क्याने १९०७ साली त्या राज्यात बॉयलरचा कायदा झाला आणि १९१४ साली अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेचा, म्हणजे एएसएमईचा, पहिला बॉयलर कोड तयार झाला. आज जबल अलीत आम्ही ज्याची पानं रोज चाळतो तो 'सेक्शन नाइन' ह्याच कोडचा वेल्डिंगपुरता भाग. आपल्याकडेही कलकत्त्याला १८६३ साली बॉयलर फुटून माणसं दगावली, तेव्हा कुठे बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा आला. पुढे सबंध देशासाठी १९२३ चा कायदा आला, तो थेट शंभर वर्षं पुरला; २०२५ साली त्याच्या जागी नवा आला.

पण आम्हाला विचाराल तर वेल्डिंगवाल्या माणसाने भिंतीवर लावून ठेवावी अशी घटना नॉर्वेची आहे. २७ मार्च १९८० च्या संध्याकाळी नॉर्थ सी मध्ये 'अलेक्झांडर कीलँड' नावाचा तरंगता प्लॅटफॉर्म उलटला. तेलविहिरींवरच्या कामगारांच्या राहण्यासाठी तो वापरात होता. २१२ माणसांपैकी १२३ गेली. चौकशीत काय निघालं? पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या एका उपकरणासाठी एका ब्रेसला छोटासा आधार जोडला होता. त्यावर कसला भार नव्हता म्हणून कोणी फारसं लक्ष दिलं नाही. सहा मिलिमीटरचा तो फिलेट वेल्ड नीट बसलेला नव्हता. त्याला तडा होता आणि तड्याच्या आत रंग सापडला. म्हणजे रंगकाम झालं तेव्हाच, प्लॅटफॉर्म समुद्रात जाण्याआधीच, तडा होता. लाटांच्या हिसक्यांनी तो वाढत वाढत गेला आणि अख्खा ब्रेस तुटला. "हा काय, साधा टाका आहे" असं यार्डात कोणी म्हणालं की आम्हाला तो सहा मिलिमीटरचा टाका आठवतो.

आता परीक्षेकडे वळू. ह्या परीक्षा दोन आहेत आणि नेहमी घोटाळा होतो तो इथेच. एक पद्धतीची, दुसरी माणसाची. घरातल्या भाषेत सांगायचं तर उकडीच्या मोदकाची कृती वेगळी आणि मोदक वळणारी सुगरण वेगळी. कृतीत तांदूळ कुठला, पाणी किती, उकड किती वेळ, हे सगळं लिहिलेलं असतं. तिला आमच्याकडे डब्ल्यूपीएस म्हणतात. ती कृती एकदा खरोखर करून, खाऊन, चांगली झाली असं लिहून ठेवलं की तो झाला पीक्यूआर. तिसरा कागद सुगरणीचा: ह्या बाईंना चुण्या पाडता येतात आणि मोदक फुटत नाही.

कृतीच्या परीक्षेत नमुन्याच्या जोडातून पट्ट्या कापतात. साधारण दोन पट्ट्या यंत्रात ओढून तोडतात; मूळ लोखंडाला जेवढी ताकद हवी तेवढी तरी जोडात असावी लागते. चार पट्ट्या वाकवतात. वाकवतात म्हणजे केसाच्या पिनेसारख्या, पूर्ण १८० अंशांत, पट्टीच्या जाडीच्या चौपट व्यासाच्या ठोकळ्याभोवती. बाहेरच्या ताणलेल्या बाजूला ३ मिलिमीटरपेक्षा मोठी चीर दिसली की नापास. ही परीक्षा धातूची असते, हाताची नव्हे. त्यामुळे कंपन्या आपला सगळ्यात मुरलेला वेल्डर तिथे उभा करतात आणि त्यात गैर काही नाही. (जोड पास झाला की तो वेल्डरही आपोआप पास धरला जातो.)

मग प्रश्न येतो की कृतीत काय बदललं तर परीक्षा पुन्हा द्यायची? ताट बदललं म्हणून मोदक बिघडत नाही. तांदूळ बदलला तर मात्र बिघडतो. कोडमध्ये ह्याच्या याद्याच आहेत. लोखंडाचा गट बदलला, रॉडचा गट बदलला, जोडाआधी द्यायची उष्णता ठरल्यापेक्षा ५५ अंशांहून जास्त कमी झाली, नंतरच्या तापवण्यात फरक पडला, तर परीक्षा पुन्हा. जाडीलाही हद्द आहे: १४ मिलिमीटरच्या नमुन्यावर साधारण ५ ते २८ मिलिमीटरपर्यंतचं काम करता येतं, त्यापुढे नाही.

ह्या याद्यांतली आम्हाला सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगतो. पद्धतीच्या परीक्षेत जोड आडवा होता की उभा की डोक्यावर, ह्याला साधारण कामात महत्त्व नाही. (फार थंड तापमानात चालणाऱ्या कामांना आघाताची चाचणी लागते, तिथे गोष्ट वेगळी.) पण वेल्डरच्या परीक्षेत नेमकं ह्यालाच सगळं महत्त्व! उलट लोखंड कुठल्या जातीचं ह्यावर पद्धतीची परीक्षा अडून बसते, तर वेल्डरला ते फारसं बांधत नाही. रॉडचा गट सांभाळला म्हणजे झालं. सुरुवातीला हे आम्हाला विचित्र वाटायचं. परदेशात एमएस करताना हे कोष्टक पाठ केलं होतं, पण त्यातली मेख कळली ती यार्डात वेल्डरच्या शेजारी उकिडवं बसल्यावर. धातूला वर-खाली कळत नाही, त्याला फक्त उष्णता कळते. माणसाच्या मनगटाला धातूची जात कळत नाही, पण वितळलेला थेंब डोक्यावरून पडणार आहे हे बरोबर कळतं.

म्हणूनच सिक्स-जी. पाइप जमिनीशी ४५ अंशांचा तिरका बांधायचा आणि तो न फिरवता स्वतः त्याच्याभोवती फिरत जोड पुरा करायचा. एका जोडात आडवा, उभा, डोक्यावरचा, तिरका, सगळे प्रकार आले. ह्यात पास झालेला माणूस कुठल्याही जागी पाइप जोडू शकतो असं कोड मानतो. जबल अलीत साधारण ६ इंची पाइप देतात. मुळाचा पहिला थर आर्गनने, वरचे थर रॉडने. बारीक पाइपांची कामं असली तर २ इंची जाड पाइपवर वेगळी परीक्षा, कारण मोठ्या पाइपवर पास झालेल्याला ७३ मिलिमीटरच्या खाली उतरता येत नाही. बारीक पाइपवर मनगट किती भराभर वळवावं लागतं हे केल्याशिवाय कळायचं नाही.

त्यात आपली इथली हवा. दुपारच्या उन्हात उघड्यावरचं काम बंद ठेवण्याचा नियम आहे (१५ जून ते १५ सप्टेंबर, साडेबारा ते तीन), त्यामुळे माणसाला थोडा दिलासा आहे. पण ऑगस्टातल्या रात्री समुद्राकडून जी दमट हवा येते ती माणसापेक्षा रॉडला जास्त बाधते. लो-हायड्रोजन रॉडचं आवरण हवेतला ओलावा शोषतं. त्या ओलाव्यातला हायड्रोजन जोडात शिरतो आणि जोड थंड झाल्यावर, कधी कधी एक-दोन दिवसांनी, आतून तडा पाडतो. आज तपासला तर ठणठणीत, परवा चिरलेला! म्हणून जाड आणि कठीण लोखंडाच्या जोडांची तपासणी ४८ तास थांबून करतात. रॉड भट्टीत ३०० अंशांच्या वर भाजून, मग वेल्डरच्या कमरेशी गरम डब्यात ठेवतात. पापड डब्यात ठेवावेत तसं. हे डबे बंद पडलेत का, हे पाहायला आम्ही रात्री चक्कर मारतो तेव्हा पोरं म्हणतात, "सर, झोप येत नाही काय?"

एका यार्डातली हकीकत सांगतो. यार्डाचं नाव सांगायचं कारण नाही. संगमेश्वर तालुक्यातले एक वेल्डर नव्याने भरती होऊन आले होते. वय पंचेचाळीसच्या पुढे, गल्फमध्ये बावीस वर्षं, तीन देश, पाच कंपन्या. पोरं त्यांना काका म्हणत, मग आम्हीही म्हणू लागलो. परीक्षेच्या दिवशी म्हणाले, "सायब, बावीस वर्षं हेच करतोय. दर कंपनीत परत पहिलीत बसायचं म्हणजे काय?"

"काका, परीक्षा नावाला तुमची आहे, जबाबदारी कंपनीची आहे. उद्या जोड फुटला तर 'ह्यांना दुसऱ्या कंपनीने पास केलं होतं' असं सांगून ह्यांना सुटता येत नाही."

हे उत्तर त्यांना पटलं नाही. आम्हालाही ते म्हणताना थोडं ओशाळल्यासारखं झालं, पण कोडचं म्हणणं तेच आहे. काम देणाऱ्याने आपल्या वेल्डरची परीक्षा स्वतःच्या देखरेखीखाली घ्यायची. पट्ट्या कापणं-वाकवणं बाहेरून करून घेतलं तर चालतं, जोड मात्र आपल्या नजरेसमोर झाला पाहिजे.

काकांचा जोड वरून देखणा होता. चार पट्ट्या कापल्या. दोन वरच्या बाजूच्या वाकवल्या, पास. मुळाच्या बाजूची एक पास. चौथी वाकवली आणि मुळाशी पाच मिलिमीटरची चीर उघडली. पाइपच्या अगदी खालच्या अंगाची पट्टी. सुपरवायझरने यादीत फुली मारली आणि पुढचं नाव घेतलं. फुलीचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. परीक्षेत नापास तर परतीचं तिकीट. मागे मुलीचं शिक्षण, आणि एजंटला देण्यासाठी काढलेलं कर्ज. काका काही बोलले नाहीत. हातमोजे काढून घडी करत बसले.

कोडमध्ये नापास झालेल्यासाठी दोन वाटा आहेत आणि हे पुष्कळ सुपरवायझरांनाही माहीत नसतं. लगेच पुन्हा द्यायची असेल तर ज्या स्थितीत नापास झाला तिथे एकाच्या जागी दोन जोड करायचे आणि दोन्ही पास व्हायला हवेत. नाहीतर अधिक सराव करून नव्याने परीक्षा द्यायची. कंपनीवर पुन्हा संधी देण्याची सक्ती नाही हे खरं, पण 'कोडमध्ये बसत नाही' असं कोणी म्हणत असेल तर ते खोटं आहे. आम्ही पान उघडून दाखवलं. थोडी हुज्जत झाली, पाइपच्या दोन तुकड्यांच्या खर्चावरून झाली हे विशेष! शेवटी दुसऱ्या दिवशीची वेळ ठरली.

पण चीर पडली का, हे कळल्याशिवाय पुन्हा परीक्षा देऊन उपयोग नव्हता. संध्याकाळी काकांना एका टाकाऊ तुकड्यावर खालच्या अंगाला आर्गन मारायला सांगितलं आणि बाजूला बसून पाहिलं. हात स्थिर. वेग बरोबर. पण मान! मान पुढे जायची, मग मागे यायची, परत पुढे. आमची आई चष्मा विसरली की सुई ओवताना अगदी असंच करायची. विचारलं, "काका, पेपर वाचायला चष्मा लागतो का?" म्हणाले, "लागतो की. पण मुखवट्याच्या आत घामाने धूर होतो, म्हणून काढून ठेवतो."

मुळाचा थर घालताना कडा वितळून एक छोटं भोक उघडतं आणि रॉडची तार त्या भोकात भरत न्यायची असते. ते तांदळाच्या दाण्याएवढं भोक त्यांना धूसर दिसत होतं. वरच्या अंगाला सवयीने निभावत होतं, खाली आडवं पडून करताना नाही. मुखवट्याच्या काचेमागे बसवायची वाचनाच्या नंबरची भिंगपट्टी मिळते. काही थोड्या दिरहमांची वस्तू. ती रात्रीच आणून बसवली. दुसऱ्या दिवशी दोन जोड, आठ पट्ट्या. आठव्या पट्टीला सुपरवायझरही येऊन उभा होता. एकीलाही केसाएवढी चीर नव्हती. काका त्या यार्डात तीन वर्षं होते.

चाळिशीनंतर जवळचं कमी दिसणं हा काही आजार नव्हे, पण आमच्या पाहण्यात परीक्षेआधी वेल्डरला हे कोणी विचारत नाही. तेव्हापासून आम्ही विचारतो.

कोडची कडक शिस्त आम्हाला मान्य आहे; दुसऱ्या बाजूचा ढिलेपणा मान्य नाही. एका ठिकाणी तर दुसऱ्याच कंपनीचा पीक्यूआर, वरचं नाव बदलून, फाइलला लावलेला आम्ही पाहिला आहे. आकडे इतके सुंदर होते की संशय आला. जोड कधी झालाच नव्हता. असा कागद फाइलमध्ये असताना काकांसारख्या माणसाला एका चिरेसाठी घरी पाठवायचं, हा न्याय आम्हाला समजत नाही.

आपल्या नात्यातलं, गावातलं कोणी ह्या कामासाठी इथे येण्याच्या विचारात असेल तर दोन-चार गोष्टी सांगून ठेवाव्यात. आयटीआयचा वेल्डरचा कोर्स एक वर्षाचा असतो. त्याने पाया तयार होतो, सिक्स-जी येत नाही. त्यासाठी पुढे बऱ्याच सरावाची गरज असते, आणि सरावाला लागणारे पाइप आणि आर्गन स्वस्त नाहीत. बॉयलर खात्याच्या परीक्षेचं प्रमाणपत्र असेल तर त्याला मान आहे, पण म्हणून इथली परीक्षा चुकत नाही. मुंबईत एजंटच्या शेडमध्ये होते ती निवडीची चाचणी; ती पास झाली म्हणजे इथली झाली असं नव्हे. आणि 'सिक्स-जीचं सर्टिफिकेट करून देतो' असं सांगून कोणी पैसे मागत असेल तर ते पैसे सरळ पाइप विकत घेण्यात घालावेत.

इथे आल्यावर प्रत्येक परीक्षेच्या कागदाची प्रत मागून घ्यावी. नव्या कंपनीला तो बांधील नसला तरी मुलाखतीत उपयोगी पडतो. आणि सहा महिन्यांचा नियम लक्षात ठेवावा. एखाद्या प्रकारचं वेल्डिंग सहा महिने केलंच नाही तर त्यातली पात्रता संपते. लांबच्या रजेवर गेलेले, किंवा वेल्डर म्हणून येऊन फिटरच्या कामाला लावलेले, ह्यात हमखास अडकतात. सहा महिन्यांत त्या प्रकारचा एक जोड जरी केला आणि त्याची नोंद झाली तरी पुरतं. नोंद ठेवणं कंपनीचं काम आहे, पण स्वतःच्या वहीत तारीख, जोडाचा नंबर आणि प्रकार लिहून ठेवायला काय हरकत आहे? काकांकडे अशा चार वह्या होत्या, शाळेच्या मुलांच्या रेघांच्या.

कोणाला ह्याबद्दल अधिक विचारायचं असेल तर मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात जरूर गाठा. कागद बरोबर आणलात तर ते पाहूनही देऊ. चहा मात्र मंडळाचा.